पाच मजली लिंब

आमच्या आणि पलीकडच्यांच्या मध्ये जी कंपाउंडची भिंत आहे, ती बरोबर माझ्या खांद्याला लागते. गवंड्याने गप्पांचं माप घेऊनच बांधली असावी. वर कोपर टेकवायला गुळगुळीत गिलावा, आणि पलीकडून वाकलेला शेवगा. शेंगा पलीकडच्या शेजारणीच्या, पाला माझ्या अंगणात. त्या हिशेबाने आठवड्याला चार शेंगा माझ्याकडे येतात, आणि त्यांच्याबरोबर दोन बातम्या.

त्या दिवशी शेंगा हातात देताना ती म्हणाली, "काकू, आज ऑफिसात हरवले."

"काय हरवलं?"

"काही नाही हो. मीच हरवले!"

डबा घेऊन जेवायला निघाली, ती थेट सर्व्हरच्या खोलीत. तिथल्या पोराने मान वर करून विचारलं, "मॅडम, कोण हवंय?" बावीस वर्षं त्या बँकेत काढलेल्या बाईला, कोण हवंय! तिसरा मजला समजून ती चौथ्यावर उतरली होती. लिफ्टचं दार उघडलं की सगळीकडे तेच: पांढरी भिंत, पुढे काच, खाली करडं कार्पेट. "एखाद्या मजल्यावर निदान पाण्याचा डाग तरी असावा," ती म्हणाली. "तोही नाही मेला."

तिची बँक आधी शनिवार पेठेतल्या एका वाड्यात होती. मी सासरी साताऱ्याला यायची तेव्हापासूनची ओळख त्या वाड्याची. चौकात लिंबाचं झाड, त्याला पार, पारावर पेन्शनवाले. पाट्या लावायची गरजच नव्हती. कॅश जिन्याखाली, कर्ज माडीवर, आणि तपकिरीचा वास जिथून येईल तिथे मॅनेजर. जिन्याची एक पायरी करकरायची, त्यावरून कोण वर येतंय ते माडीवरच्यांना कळायचं. मग वाडा गेला बिल्डरकडे, लिंब तोडला, आणि बँक गेली हायवेच्या अंगाला, तळमजला धरून पाच मजल्यांच्या काचेच्या पेटीत. उद्घाटनाला मीही गेले होते. पेढे चांगले होते. पण बसल्यावर दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावल्यासारखं वाटत होतं, ते आतल्या आत ठेवलं.

"सवय होईल गं," मी म्हटलं.

"सहा महिने झाले, काकू."

सहा महिने म्हणजे फार झाले. मला माझ्या नोकरीचा पहिला दिवस आठवला. १९७८ साल. मी व्ही.टी.ला उतरायची होते आणि चुलतभाऊ न्यायला येणार होता. आई बजावून सांगत होती, "गर्दीत कुठेही उभी राहू नकोस. वाघाच्या फाटकापाशी थांब." आईने आयुष्यात एकदाच मुंबई पाहिलेली. पण वाघ तिच्या लक्षात होता. त्या स्टेशनच्या फाटकावर एका बाजूला सिंह बसलाय आणि दुसऱ्या बाजूला वाघ. सिंह साहेबाचा, वाघ आपला. स्टीव्हन्स नावाच्या साहेबाने ती इमारत १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षं बांधली. लोकांना ते फक्त स्टेशन वाटतं, पण वरती रेल्वेचं हेड ऑफिस होतं, हजारो कारकुनांची रोजची जागा. आकार सगळा विलायती, कमानी विलायती, पण कोरीवकामातला बराच भाग जे.जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांच्या हातचा. म्हणून खांबांच्या माथ्यावर मोर आहेत, माकडं आहेत, आपल्याकडची पानंफुलं आहेत. पहिल्यांदा कामाला गेलेला एखादा रत्नागिरीचा पोरगा त्या अजस्र इमारतीत शिरताना बिचकला असेल ना? वर बघितलं की माकड. निदान ते तरी ओळखीचं!

"आमच्याकडे माकडं आणायची का मग?" ती म्हणाली. "कर्ज विभागात आहेत दोन-तीन."

माझं ऑफिस फोर्टात होतं, आणि रोजच्या वाटेवर महात्मा गांधी रोडची न्यू इंडिया ॲश्युरन्सची इमारत लागायची. ती १९३६ची. मास्टर, साठे आणि भुता हे तिचे आर्किटेक्ट. तिच्या दर्शनी अंगावर माणसं आहेत, भिंतीतूनच वर आल्यासारखी: शेतकरी, कुंभार, सूत कातणारी बाई. ही एन. जी. पानसऱ्यांची कामगिरी, आपल्याच माणसाची. शिवाजी पार्कातला महाराजांचा अश्वारूढ पुतळाही त्यांचाच. आता बघा, विम्याची कंपनी. दारावर लक्ष्मी बसवली असती, नाण्यांच्या राशी दाखवल्या असत्या, कोणी काही म्हटलं नसतं. पण ज्याला विमा विकायचा त्यालाच भिंतीवर उभा केला. मला पहिली दोन वर्षं त्या सूत कातणाऱ्या बाईचा फार आधार वाटायचा. साहेब बोलला की येताना तिच्याकडे बघायचं. ती बापडी आपलं काम करत असायची. एकतीस वर्षं मी त्या रस्त्याने गेले, पण त्या इमारतीत पाऊल एकदाही टाकलं नाही. तरी आजही कोणी फोर्ट म्हटलं की मला माझ्या ऑफिसचं दार आठवत नाही, ती बाई आठवते.

पंधरा दिवसांनी शेंगा संपल्या होत्या. ती कढीपत्त्याच्या निमित्ताने आली, म्हणजे बातमी गरम असणार.

"काकू, आली कला!"

हेड ऑफिसकडे तक्रारी गेल्या होत्या म्हणे, नवी इमारत 'आपलीशी' वाटत नाही अशा. त्यांनी पुण्याचा एक इंटिरिअरवाला पाठवला. त्याने टेप काढला, भिंती मोजल्या आणि शनिवार-रविवारात चिकटवून मोकळा झाला. सोमवारी लोक आले तर तळमजल्यावर मातकट रंगाच्या विनाइलवर वारली. दुसऱ्या मजल्यावर डोंगराच्या शेंड्यावर हात पसरून उभा असलेला कोणी माणूस, खाली इंग्रजीत 'टीमवर्क'. एकटाच उभा आहे हं डोंगरावर. टीम बहुधा खाली जेवायला गेलेली.

"आणि वारली कशी आहे?"

"वारली चांगली आहे हो. पण तारपा नाचाचं ते रिंगण आहे ना, ते बरोबर स्विचबोर्डावर आलंय. तेवढं कापून टाकलं त्यांनी. तारपा वाजवणाराच गेला. सगळे त्या पंख्याच्या बटणांभोवती नाचतायत."

मी हसले, पण राग आला मला. वारलीचा राग नाही. ती तर लग्नघरातली गोष्ट. सवाष्णींनी तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने, गेरूच्या भिंतीवर लग्नाचा चौक लिहायचा, मधे पालघाट देवी, धवलेरीने गाणी म्हणायची, मग लग्न. ते त्या घराचं, त्या दिवसाचं चित्र. जिव्या सोमा म्हशांनी ते कागदावर आणलं, जगभर नेलं, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि त्यांच्या रेघेला बघणाऱ्याला जागच्या जागी उभं करायची ताकद होती. राग आला तो स्क्वेअर फुटाच्या भावाने चिकटवण्याचा. साताऱ्याच्या बँकेत साताऱ्याचं काय? बरं, नसू दे साताऱ्याचं, पण निदान कोणीतरी त्या भिंतीसमोर उभं राहून बघितलं तरी होतं का? बघितलं असतं तर स्विचबोर्ड दिसला असता.

मग मी तिला होमी भाभांची गोष्ट सांगितली. आमचे हे म्हणतात, मी संधी मिळाली की भाभांची गोष्ट सांगते. सांगते. चांगली आहे म्हणून सांगते.

भाभांची संस्था म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च. १९४५ साली बंगलोरला सुरू झाली, त्याच वर्षी मुंबईला आली ती पेडर रोडवर भाभांच्या आत्याच्या बंगल्यात. मग १९४९ला गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबात. म्हणजे अणूवर संशोधन करणारी माणसं, आणि बिऱ्हाड असं दोन ट्रंका घेऊन फिरतंय! शेवटी कुलाब्याच्या टोकाला समुद्रावर स्वतःची इमारत झाली, १९६२च्या जानेवारीत नेहरूंनी उद्घाटन केलं. तीही लांबच लांब, सरळ रेषांची, अमेरिकन आर्किटेक्टची. आपल्या काचेच्या पेटीची थोरली बहीण म्हण. पण होमी भाभा स्वतः चित्रं काढणारा माणूस. नवी इमारत उभी राहायच्या कितीतरी आधीपासून ते संस्थेसाठी चित्रं घेत होते. बजेटातला एक टक्का चित्राशिल्पांवर खर्चायची त्यांनी नेहरूंकडून परवानगी घेतली होती. एक टक्का! आपल्याकडे तेवढा चहाला मंजूर करताना तीन सह्या लागतात.

आणि घेतली कोणाची? तेव्हा ज्यांना फारसं कोणी विचारत नव्हतं त्यांची. आरा, ज्यांनी मुंबईत मोटारी पुसून दिवस काढले. हुसेन, जे सिनेमाची पोस्टरं रंगवायचे. गायतोंडे, गिरगावातल्या चाळीत वाढलेले. हेब्बर, तय्यब मेहता. इमारत झाल्यावर दर्शनी दालनातली मोठी भिंत राहिली होती. पिकासोकडेसुद्धा शब्द टाकून पाहिला होता, एका शास्त्रज्ञ मित्राच्या ओळखीने. ते काही जमलं नाही. बरंच झालं, मी तर म्हणते. मग इथल्याच निवडक चित्रकारांकडून रेखाटनं मागवली आणि हुसेनचं पसंत पडलं. पंचेचाळीस फूट लांब, नऊ फूट उंच, नाव 'भारत भाग्य विधाता'.

"तुम्ही पाहिलंय?"

पाहिलंय म्हणून तर सांगते. आमच्या ऑफिसातल्या एकीचे यजमान तिथे होते. एकदा तिच्याबरोबर गेले. भलं मोठं दालन, बाहेर समुद्र, मला वाटलं आता इथे आपल्याला कोण विचारणार. तिने फोन लावला, आणि पलीकडून यजमान म्हणाले, "चित्राखाली थांबा, आलोच." झालं. मला आईचा वाघ आठवला. शंभर शास्त्रज्ञ असतील आत, पण उभं राहायला एक जागा मिळाली. दहा मिनिटं मी त्या रंगांकडे बघत होते. अर्थ विचारशील तर सगळा नाही कळला. कळायला हवा असं कोणी म्हणतही नव्हतं. जिन्यात, व्हरांड्यात, जाता-येता चित्रं. तिचे यजमान एका चित्राकडे बोट दाखवून म्हणाले, "हे मला अजिबात आवडत नाही, वीस वर्षं रोज बघतोय." पण ज्या आवाजात म्हणाले ना, तो माणूस घरच्या आत्याबद्दल तक्रार करताना काढतो तो आवाज होता.

भाभा पुढे १९६६ साली विमान अपघातात गेले. चित्रं आहेत तिथेच.

"आमच्याकडे कुठले भाभा," ती म्हणाली आणि कढीपत्ता घेऊन गेली.

भाभा नव्हते, पण त्यांच्याकडे शिपाईमामा होते. आता श्रेय कुणाचं यावर त्यांच्या बँकेत दोन तट आहेत आणि मी माझं नाव कुठल्याच तटात घालत नाही, पण भाभांची गोष्ट सोमवारी डब्याच्या वेळी बँकेत पोचली होती एवढं मला माहीत आहे. शिपाईमामा कोपऱ्यात जेवत होते. ते म्हणाले, "ते पंचेचाळीस फुटी आपल्याला नको. पण ज्याने आपली पाटी रंगवली तो पेंटर आहे की अजून."

तो पेंटर राजपथावरच्या अर्ध्या दुकानांच्या पाट्या लिहिणारा. इनॅमलची डबी, चुन्यात बुडवलेली सुतळी ताणून टणकन मारली की सरळ रेघ, मग मोठी ठसठशीत अक्षरं, खाली शेड, कोपऱ्यात स्वतःची सही. फ्लेक्स आला आणि त्याचा ब्रश खुंटीला लागला. आता मुलाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसतो. मामा त्याला घेऊन आले. साहेब नवे, नाशिककडचे, त्यांनी वाडा पाहिलाच नव्हता. पण स्विचबोर्डाभोवतीचा नाच त्यांनाही रोज दिसत होता. म्हणाले, "वरच्यांना विचारतो. तोवर लिफ्टसमोरच्या पट्टीत करा काय ते."

पेंटरकाका पाचही मजले फिरले, लिफ्टसमोर उभे राहिले, आणि म्हणाले, "ही काय पाच चित्रं नाहीत. हे एक झाड आहे."

इथे तिने भिंतीवर दोन्ही कोपरं टेकवली. मला कळलं, आता स्वयंपाकाला उशीर होणार.

तळमजल्यावर लिफ्टसमोर लिंबाचा बुंधा आणि पार. पहिल्या मजल्यावर तोच बुंधा वर येऊन त्याच्या दोन फांद्या फुटलेल्या, जशा वाड्याच्या माडीच्या कठड्यातून दिसायच्या. दुसऱ्यावर पानं दाट. तिसऱ्यावर, कॅन्टीनच्या मजल्यावर, पोपट आणि पिकलेल्या लिंबोण्या. आणि चौथ्यावर नुसता शेंडा, कावळ्याचं घरटं, बाकी आभाळ. लिफ्टचं दार उघडलं की आपण झाडावर कुठे आहोत ते कळतं. पहिल्याच आठवड्यात कोणीतरी फोनवर म्हणालं, "फाइल घरट्यावर पाठवा." तेव्हापासून सर्व्हरच्या खोलीचं नाव घरटं. कॅन्टीनला आता कोणी तिसरा मजला म्हणत नाही, पोपटावर जेवायला जातात.

पण खरी मजा रंगवताना झाली. पेंटरकाका परांचीवर उभे आणि खाली गर्दी. "बुंध्याला ढोली होती, रस्त्याच्या बाजूला." "रस्त्याच्या नाही, कॅशच्या बाजूला." यावर दोन जण चार दिवस बोलत नव्हते. एक हेडक्लार्क येऊन म्हणाले, "पाराला टेकून माझी बजाज असायची, तेवीस वर्षं." आली बजाज. मग पेन्शन विभागातल्या बाई म्हणाल्या, "मनी कुठाय?" मनी पारावर आली. कर्जवाल्यांनी पायरीचा विषय काढला, ती करकरणारी. पेंटरकाका म्हणाले, करकर कशी रंगवू? मग त्यांनी पहिल्या मजल्याच्या कोपऱ्यात एक पायरी काढली आणि बाकीच्या पायऱ्यांपेक्षा ती किंचित पुढे काढली. बस. जुनी माणसं तिच्यावर बोट ठेवून नव्या पोरांना सांगतात. आणि नवी पोरं, ज्यांनी वाडा पाहिलेलाच नाही, ती ग्राहकाला सांगतात, "ही बघा, ही वाजायची."

चित्र काही फार थोर नाही, मी बघून आलेय. पोपटांची मान जरा आखूड. साहेबांनी वरच्यांना फोटो पाठवला तर उत्तर आलं की रंगसंगती संस्थेच्या धोरणात बसत नाही. त्याचं पुढे काय झालं ते साहेबांनी कोणाला सांगितलं नाही. झाड आहे.

मी गेले होते मुदतठेवीच्या नूतनीकरणाला. खरं म्हणजे ते मोबाइलवर होतं. पण झाड बघायचं होतं. तळमजल्यावर पारापाशी दोन म्हातारे खुर्च्या ओढून बसले होते, रंगवलेल्या पाराला पाठ लावून. कॅशच्या खिडकीशेजारी मामांनी आणखी एक उद्योग करून ठेवलाय. वाड्यातल्या काउंटरची सागवानी फळी, कोपरं टेकून टेकून मधे खोलगट झालेली, ती भिंतीला उभी ठोकलीय. आणि तिच्यावर खिळ्यांच्या ओळी मारून टांगलीत पितळी टोकनं. आठवतात? चेक दिला की टोकन हातात, नंबर पुकारला की खिडकीत टोकन द्यायचं आणि पैसे घ्यायचे. मशिन आली तेव्हा सगळी पोत्यात भरून भंगारात निघाली होती; मामांनी पोतं घरी नेऊन माळ्यावर टाकलं होतं. आता चिंचेने घासून लख्ख केलीत. १ ते २००. माणसं येतात आणि शोधतात. एका बाईने माझ्यादेखत ८८वर बोट फिरवलं आणि म्हणाली, "हे टोकन हातात धरून मी बसले होते, बाळंतपणाचे पैसे काढायला."

१३७चा खिळा रिकामा होता.

"पडलं का हो?" मी मामांना विचारलं.

"पडलं नाही. गेलंय," मामा म्हणाले. "लई वर्षं झाली. एक मास्तर होते. तासभर रांगेत बसले, आणि साहेबाचा पाहुणा मधेच घुसला. मास्तर उठले ते टोकन खिशात घालून चालते झाले. चेक इथंच. मला दोनदा पाठवलं टोकन आणायला. मास्तरांनी दार उघडलं नाही. आतून ओरडले, साहेबाला पाठवा म्हणून."

मी लिंबाकडे बघत राहिले. मास्तर. आतून ओरडणारे. साताऱ्यात मास्तर काही कमी नाहीत, पण तो आवाज मी वीस वर्षं ऐकला होता, आणि त्या बँकेचं नाव काढलं की सासरे ताटावरून का उठायचे, हे आमच्या घरात कोणालाच कधी कळलं नव्हतं.

घरी आले. सासूबाईंचा बटणांचा डबा माळ्यावरून खाली काढायला स्टूल लागतं. 'हे' विचारत होते, आत्ता कसली बटणं. डबा जमिनीवर उपडा केला. कोटाची बटणं, ब्लाउजचे हूक, एक तुटकी नथ, एक किल्ली जिचं कुलूप कुठलं देव जाणे. आणि तळाला, हिरवट काळं पडलेलं.

चिंच लावून घासायला अर्धा तास गेला. मग भिंतीपाशी गेले. ती शेवग्याचा पाला गोळा करत होती.

"अगं," मी म्हटलं, "तो खिळा आहे ना अजून तसाच?"